शिबिराच्या फॉर्ममधला एक प्रश्न बदला

प्रति,
नाशिक शहर, नाशिकरोड, देवळाली आणि आसपासच्या ज्या ज्या ख्रिस्ती मंडळ्या मे महिन्यात मुलांचं आणि तरुणांचं शिबिर भरवतात, त्यांचे पाळक, तरुण संघांचे पदाधिकारी आणि शिबिर समित्यांतले सर्व बंधुभगिनी यांस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

उपवासकाळ चालू आहे. ईस्टर झाला की शिबिराचे फॉर्म वाटायला सुरुवात होईल. ते छापायला जाण्याआधी हे पत्र तुमच्या हाती पडावं म्हणून आज रात्री जागून लिहिते आहे.

मी अठरा वर्षं संडे स्कूल शिकवते. मला सोळा वर्षांची एक मुलगी आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे. जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि स्नायूंवर ताबा ठेवणारा भाग दुखावला. ती वॉकर धरून चालते, हात थरथरतात, आणि बोलताना प्रत्येक शब्द तिला आधी गोळा करावा लागतो. एकदा गोळा झाला की तो स्पष्ट येतो. समोरच्याने थांबायला हवं, एवढंच. यंदा ती दहावीला आहे. बोर्ड तिला लेखनिक देतं आणि तासामागे वीस मिनिटं जादा देतं.

दोन वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा एका शिबिराला गेली. मुक्कामाला नको, सांभाळायला कोणी नाही, असं आयोजकांनी सांगितल्यामुळे रोज सकाळी मी तिला रिक्षाने सोडायचे आणि रात्री घेऊन यायचे. शेवटच्या रात्री शेकोटी होती. साखळी प्रार्थना ठरली होती, प्रत्येकाने एकेक वाक्य. तिने सकाळपासून आपलं वाक्य मनाशी घोकून ठेवलं होतं. मी मागे खुर्चीत बसले होते. तिची पाळी आली. ती म्हणाली, "प्रभू... माझ्या... मैत्रिणींना..." आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. वर्तुळात चुळबुळ सुरू झाली. कोणीतरी खोकलं, दोन मुलं एकमेकांकडे बघून हसली. मग प्रार्थना चालवणाऱ्या ताईंनी अगदी मायेच्या आवाजात म्हटलं, "आमेन." सगळ्यांनी "आमेन" म्हटलं आणि साखळी पुढच्या मुलाकडे गेली.

रिक्षात ती त्र्यंबक नाक्यापर्यंत एक शब्द बोलली नाही. मग म्हणाली, "मम्मी, माझं वाक्य राहिलं."

त्या ताईंवर माझा राग नाही. त्यांना माझ्या मुलीची लाज वाचवायची होती. मला खरं बोचतं ते वेगळंच. त्याच दिवशी सकाळी त्या शिबिरात 'अपंगत्व जागृती' नावाचा तास झाला होता, आणि तो तास मी घेतला होता.

तो कसा घेतला ते सांगते, कारण तुमच्यापैकी बरेच जण तो तसाच घेता. मी मुलांच्या डोळ्यांवर ओढण्या बांधल्या आणि त्यांना खोलीभर चालायला लावलं. काहींच्या कानांत कापूस घातला. काहींचा उजवा हात पाठीशी बांधून डाव्या हाताने नाव लिहायला सांगितलं. मुलं एकमेकांवर आदळली, खिदळली, मजा आली. शेवटी मी विचारलं, "काय शिकलात?" एक चौदा वर्षांचा मुलगा उठून म्हणाला, "टीचर, मी देवाचे आभार मानतो की मी असा नाही." आणि मी म्हणाले, "छान." माझी लेक पहिल्या रांगेत बसली होती. मी त्या मुलाला छान म्हणाले.

त्या मुलाची चूक नव्हती. तासाने त्याला जे दिलं तेच त्याने परत केलं. डोळे बांधून दहा मिनिटं चाललेल्या मुलाला आंधळेपणाची फक्त पहिली दहा मिनिटं कळतात: भीती, अंधार, भिंतीवर आपटलेला खांदा. दहा वर्षं दृष्टीशिवाय जगलेल्या माणसाने कानांनी वाहनं ओळखायला, पावलं मोजायला, काठीच्या टोकाने रस्ता वाचायला काय काय शिकून घेतलेलं असतं, ते त्या खेळात कुठेच येत नाही. मग मूल दया घेऊन घरी जातं, नाहीतर धास्ती. दोन्हींपैकी एकातूनही मैत्री होत नाही.

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका शिबिराने मला बोलावलं तेव्हा मी ओढण्या नेल्या नाहीत. बँकेत नोकरी करणाऱ्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या एका तरुणाला मी विनंती केली. तो सिटीलिंकच्या बसने एकटा आला. फाटकापाशी एका मुलाने धावत जाऊन त्याची काठी धरली आणि तो त्याला ओढू लागला. तो थांबला आणि हसून म्हणाला, "काठी सोड. तुझं कोपर दे." मग सगळ्या मुलांना भोवती गोळा करून त्याने दाखवलं. दृष्टी नसलेल्या माणसाला धरायचं नसतं, त्याला आपलं कोपर धरू द्यायचं असतं. आपण अर्धं पाऊल पुढे चालायचं. पायरी आली की थांबून सांगायचं, "एक पायरी वर." अरुंद दार आलं की आपला हात पाठीमागे न्यायचा, म्हणजे तो आपल्या मागे येतो. खुर्ची दाखवायची तर त्याचा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवायचा, त्याला खांदे दाबून बसवायचं नाही. आणि जाताना "जातो" म्हणून सांगायचं, नाहीतर माणूस रिकाम्या हवेशी बोलत राहतो.

दुपारी पंगतीत तो मुलांबरोबर बसला. त्याने शेजारच्या मुलीला सांगितलं, "ताट म्हणजे घड्याळ समज आणि मला वेळ सांग." ती आधी गोंधळली, मग तिला गंमत कळली. "भात सहा वाजता. वरण भातावरच आहे. भाजी तीन वाजता, लोणचं बाराला, पोळी नऊला." जेवण संपेपर्यंत त्या ओळीतली सगळी मुलं एकमेकांना ताटातली वेळ सांगत होती. मग प्रश्न सुरू झाले. नोटा कशा ओळखता? त्याने फोन काढला आणि रिझर्व्ह बँकेचं 'मनी' नावाचं ॲप उघडून शंभराची नोट धरली. फोनने रक्कम बोलून दाखवली. मेसेज कसे वाचता? त्याच्या फोनमधला आवाज इतक्या वेगाने वाचत होता की मुलांना त्यातला एक शब्द कळेना, आणि तो मात्र ऐकत ऐकत उत्तर टाइप करत होता. स्वप्नं पडतात का? पडतात, त्यांत आवाज असतात, वास असतात, माणसं असतात. एका मुलाने विचारलं, "तुम्हाला आमच्यासारखं दिसावं असं वाटत नाही का?" तो म्हणाला, "कधी कधी वाटतं. पण त्याहून जास्त असं वाटतं, की रस्ता खणला तर त्याच्याभोवती कठडा लावावा."

संध्याकाळी तोच चौदा वर्षांचा मुलगा, आता पंधराचा, त्याला बसथांब्यापर्यंत सोडायला गेला. कोपर देऊन गेला. तास कसा झाला हे मला त्यावरून कळलं.

तर माझी पहिली विनंती ही. दिव्यांगत्वाबद्दल शिकवायचं असेल तर दिव्यांग माणसाला शिक्षक म्हणून बोलवा, आणि त्याला मानधनही द्या, जसं बाहेरून आलेल्या वक्त्याला देता. अंध व्यक्तींसाठी काम करणारी नॅबसारखी संस्था आपल्या नाशिकमध्ये आहे. कर्णबधिर मुलांच्या शाळा आहेत. लांब जायला नको. आणि वक्ता बोलावण्याच्याही आधी दिव्यांग मुलांना शिबिरार्थी म्हणून घ्या, मुक्कामाला घ्या. कारण जे पाच दिवस एका खोलीत झोपून, एका नळाखाली दात घासून कळतं ते कुठल्याही तासात कळत नाही.

"आमच्या मंडळीत असं कोणी मूल नाही," हे मी फार वेळा ऐकलं आहे. 2011 च्या जनगणनेत देशात 2 कोटी 68 लाख दिव्यांग व्यक्ती नोंदल्या गेल्या, एकट्या महाराष्ट्रात 29 लाखांहून जास्त. तेव्हा तर मोजके प्रकारच मोजले होते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने पूर्वीच्या 7 प्रकारांचे 21 केले. त्यांत स्वमग्नता आली, वाचन-लेखनाची अक्षमता आली, सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया हे रक्ताचे आजार आले. त्याच कायद्याच्या 29 व्या कलमात करमणुकीत आणि सांस्कृतिक जीवनात इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याचा हक्क आहे, 30 व्यात खेळाचा. मुलं आहेत. ती घरी आहेत, कारण आपल्या प्रार्थनामंदिराला पायऱ्या आहेत, आणि आईबापांना गेल्या वेळी कोणीतरी काहीतरी म्हटलेलं असतं.

आणि काही मुलं तुमच्या शिबिरात आधीपासूनच आहेत, तुम्हाला दिसत नाहीत एवढंच. सकाळच्या शास्त्रवाचनात, म्हणजे बायबलच्या वाचनात, आपण ओळीने एकेक वचन वाचायला लावतो ना? तेव्हा एखाद्या मुलाकडे नीट पाहा. वाचन दुसऱ्या टोकाला चालू असतं आणि हा बोटाने मुलं मोजत असतो, मग वचनं मोजतो, आपल्या वाट्याला कोणतं येणार ते शोधतो आणि ओठ हलवून तेवढं एकच पाठ करत बसतो. मधे कोणी गैरहजर निघालं आणि हिशेब चुकला की त्याचा चेहरा पांढरा पडतो. हा मुलगा आळशी नाही, त्याच्या घरी शास्त्र उघडत नाहीत असंही नाही. त्याला वाचन-लेखनाची अक्षमता आहे, अक्षरं आणि उच्चार त्याला चटकन जुळवता येत नाहीत. त्याला ऐकवा, तो तुम्हाला अख्खा अध्याय तोंडपाठ म्हणून दाखवेल. माझ्या वर्गातल्या अशा एका मुलाने नाताळच्या नाटकात सर्वांचे संवाद पाठ केले होते आणि मागून तोच सगळ्यांना आठवण करून देत होता. "कोण आधी वचन उघडतो" हा खेळ मात्र त्याला दर वर्षी सर्वांदेखत मागे टाकतो. वाचायचं की नाही हे मुलांना ठरवू द्या. "ज्याला वाचायचं आहे त्याने हात वर करावा," एवढ्याने ती सकाळ त्याला सुसह्य होते.

पेठ, सुरगाणा, कळवण भागातून मुलं येतात. तिकडच्या आदिवासी कुटुंबांत सिकलसेल आढळतो. अशा मुलाच्या अंगातलं पाणी कमी झालं, ऊन लागलं, दमछाक झाली की हाडं फुटतील अशा वेदना उठतात. मेच्या उन्हात रिले शर्यतीत "नाटकं करू नको, पळ" असं त्याला कोणी म्हणू नये. शिबिराच्या नर्सबाईंना आणि गटप्रमुखांना हे आधी माहीत असायला हवं, आणि पाण्याची बाटली त्याच्या हातात असायला हवी.

आता शास्त्राबद्दल. मी पाळक नाही, पण संडे स्कूलच्या बाकावर जे हाताला लागलं ते मांडते.

आपण मुलांना बरे होण्याच्या गोष्टी सांगतो, आणि त्या सांगताना घाई करतो. बार्तीमयाची गोष्ट आपण "त्याला दिसू लागलं" इथे पोचण्यासाठी सांगतो. मार्काच्या दहाव्या अध्यायात त्याआधी काय घडतं ते हळू वाचा. तो रस्त्याच्या कडेला बसून ओरडतो आहे आणि लोक त्याला गप्प करताहेत. येशू थांबतो. मग ज्यांनी गप्प केलं तेच लोक म्हणतात, धीर धर, ऊठ, तो तुला बोलावतो आहे. गर्दी तीच, एका क्षणात तिचं काम बदललं. शिबिरातल्या मुलांनी शिकावं असं याहून काय आहे? आणि मग येशू त्या माणसाला विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? समोर अंध माणूस उभा आहे, त्याला काय हवं असेल हे शेंबडं पोरही सांगेल. तरी प्रभू गृहीत धरत नाही. त्याच्याच तोंडून ऐकतो.

हा प्रश्न आपल्या शिबिरांत कोणी विचारत नाही. माझी मुलगी अकरा वर्षांची असताना एका सभेत बाहेरून आलेल्या वक्त्यांनी तिला न विचारता, मला न विचारता तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि शंभर मुलांसमोर सांगितलं, "वॉकर सोड आणि चाल." तिने वॉकर आणखी घट्ट धरला. तिच्या बोटांची पेरं पांढरी झालेली मला लांबून दिसत होती. सभा संपल्यावर एक लहान मुलगी तिच्याजवळ आली आणि अगदी निरागसपणे विचारून गेली, "दीदी, तुझा विश्वास कमी आहे का?" प्रार्थनेवर माझा विश्वास आहे. तिच्या जन्मापासून एक दिवस मी प्रार्थना चुकवलेली नाही. पण एखाद्या मुलाला मंचावर आणून त्याच्या शरीराची सर्वांसमोर परीक्षा घेऊ नका. त्याच्यासाठी प्रार्थना करायची असेल तर आधी त्याला विचारा, तुझ्यासाठी काय मागू? माझ्या मुलीला विचारलंत तर ती म्हणेल, गणिताचा पेपर सोपा जाऊ दे.

योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य विचारतात, पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणतो, कोणीच नाही. दोन हजार वर्षं झाली, आणि तोच प्रश्न मला लग्नाच्या मांडवात विचारला गेला आहे, फक्त शब्द जरा गोड होते. शिबिरातल्या मुलांना हा अध्याय शिकवा. ती पुढे आईबाप होतील, पाळक होतील.

आणि मफीबोशेथ शिकवा, जो आपल्या धड्यांत सहसा येतच नाही. पाच वर्षांचा असताना पळापळीत दाईच्या हातून पडला आणि दोन्ही पायांनी अधू झाला. दावीद राजाने त्याला बोलावून आपल्या पंक्तीला बसवलं. दुसऱ्या शमुवेलाचा नववा अध्याय शेवटी काय सांगतो पाहा: तो नित्य राजाच्या पंक्तीला जेवत असे, आणि तो दोन्ही पायांनी लंगडा होता. बरा झाला नाही. अधूच राहिला, आणि पंक्तीला बसला. माझ्या मुलीला त्या शिबिरात चारही दिवस जेवणाचं ताट बाहेर झाडाखाली आणून दिलं गेलं, कारण भोजनगृह जोत्यावर होतं आणि चढायला चार पायऱ्या होत्या. ज्यांनी ताट आणून दिलं त्यांनी प्रेमाने दिलं, वर पापडही जास्त दिला. पण पंगत आत चालली होती. हसण्याचे आवाज तिला बाहेर ऐकू येत होते.

चार पायऱ्या म्हणजे साधारण दोन फूट. नियम असा की एक इंच उंचीला बारा इंच उतार, म्हणजे चोवीस फुटांचा रॅम्प. तो एका उन्हाळ्यात होणार नाही, मला समजतं. पण पंगत खाली अंगणात मांडता येते. त्याला एक मांडव आणि चार सतरंज्या पुरतात. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून येशूकडे आणणाऱ्या चौघांनी दारातली गर्दी पाहून परत नेलं नाही, त्यांनी दुसऱ्याच्या घराचं छप्पर उघडलं. त्या माणसात काही बदल होण्याआधी घर बदललं. देवळालीच्या जुन्या बंगल्यांना उंच जोती आहेत, गंगापूर रस्त्याकडच्या मोकळ्या जागांत खडी आणि मुरूम आहे, त्यात व्हीलचेअरची पुढची चाकं रुततात. जागा बघायला जाल तेव्हा हे बघा. एक संडास तरी असा हवा जिथे दार बाहेरच्या बाजूला उघडतं. कमोडची घडीची खुर्ची भाड्याने मिळते. झोपायला खालची जागा. रात्री वाटेवर एक दिवा. बाकी बरंचसं आपोआप सुचत जाईल, कारण मुलं स्वतःच सांगतील.

भाषेबद्दल थोडंसंच. "आंधळा आहेस का?", "मेंटल", "बहिरटा" हे शब्द खेळाच्या मैदानावर सर्रास ऐकू येतात आणि आपण मोठे ते कानाआड करतो. अपंग म्हणावं की दिव्यांग, यावर मी कोणाशी भांडत नाही. माझ्या लेकीला दोन्ही आवडत नाहीत, तिला तिच्या नावाने हाक मारलेली आवडते. मात्र कर्णबधिर मुलाला मुका म्हणू नका. तो हातांनी बोलतो. त्याच्याशी बोलताना तोंड त्याच्याकडे ठेवा, ओरडू नका, आणि गाण्याच्या वेळी त्याला कोपऱ्यात बसवण्याऐवजी एक गीत खुणांच्या भाषेत सगळ्यांनी त्याच्याकडून शिका. तरुण मुलं हे दोन दिवसांत शिकतात. आपल्यालाच वेळ लागतो.

हे काही परदेशातून आणलेलं नवं खूळ नाही, असं मला मुद्दाम सांगायचं आहे, कारण एका वडीलधाऱ्यांनी मला तसं म्हटलं होतं. केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये अंध मुलींना जागा होती, आणि त्यांच्या लेकीने, मनोरमाबाईंनी, त्यांना ब्रेल शिकवायची व्यवस्था केली. रमाबाईंना स्वतःला कमी ऐकू यायचं. त्याच बाईंनी बायबलचं मराठी भाषांतर केलं. आणि आपलं शरणपूर? मी लहानपणापासून तिथून ये-जा करते, नावाचा अर्थ कधी मनात आला नव्हता. 1850 च्या दशकात मिशनऱ्यांनी ती वसाहत वसवली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे वाढली, शिकली, सुतारकी-लोहारकी शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टनचं शव घेऊन इंग्लंडपर्यंत गेला आणि 1874 मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत अंत्यविधीच्या वेळी शवपेटीसोबत चालला. ज्यांना कुठेच जागा नव्हती त्यांना या गावाने जागा दिली होती. त्या मुलांना कोणी तासभर बघायला आणलं नव्हतं, ती इथे राहिली होती.

आता फॉर्म. माझ्यासमोर एक जुना फॉर्म आहे. त्यात लिहिलं आहे: "शिबिरार्थी शारीरिक व मानसिकदृष्ट्या सुदृढ असावा." त्याखाली: "काही आजार असल्यास नमूद करावा." पहिली ओळ वाचून माझ्यासारखी आई फॉर्म घडी करून पर्समध्ये ठेवते. दुसरीत ती खोटं लिहिते, फिट येते हे लपवते, गोळी मुलाच्या खिशात कागदात बांधून देते, आणि ते जास्त धोक्याचं आहे.

पहिली ओळ काढून टाका. दुसरीच्या जागी हे छापा: "शिबिरात तुम्हाला सगळ्यांबरोबर भाग घेता यावा म्हणून आम्ही काय करावं?" हा प्रश्न सगळ्यांना विचारा, धडधाकट मुलांनासुद्धा. कोणी लिहील अंधाराची भीती वाटते, कोणी लिहील मला पोहता येत नाही, कोणी लिहील सगळ्यांसमोर वाचायला लावू नका. उत्तरं आली की शिबिराआधी गटप्रमुखांची एक बैठक घ्या आणि ती वाचा. जे जमणार नाही ते आईबापांना आधी फोन करून सांगा, आम्ही समजून घेऊ. माझी संध्याकाळ मोकळी असते, गटप्रमुखांना कोपर कसं द्यायचं, वाक्य संपेपर्यंत कसं थांबायचं हे दाखवायला मी कुठल्याही मंडळीत, कुठल्याही पंथाच्या, यायला तयार आहे.

मी हे लिहीत असताना लेक शेजारी बसून वाचते आहे. मी तिला विचारलं, असा फॉर्म आला तर तू काय लिहिशील? तिने वही ओढली आणि लिहायला घेतलं. तिला दहा मिनिटं लागली. तीन ओळी आहेत, जशाच्या तशा देते:

"मला खालची गादी हवी.
चहाला दांडीचा मोठा कप हवा, अर्धाच भरलेला.
माझी प्रार्थना संपली की आमेन मी म्हणेन."

आपली,
एक आई आणि संडे स्कूल शिक्षिका
शरणपूर परिसर, नाशिक